चार पापड आणि रुपयाचा भाव

आमच्या गोंदिया भागात ऑक्टोबर म्हणजे हलक्या धानाच्या कापणीचे दिवस. पहाटे बांध्यांवर दव असतं, दुपारी ऊन चटका देतं, आणि दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरून रात्रभर दंडार रंगते. झाडं मात्र हिरवीच असतात. आमच्याकडची पानं गळतात ती होळीच्या आसपास, पळस फुलायच्या वेळी. त्यामुळं बी.ए.च्या वर्गात इंग्रजी कविता शिकताना माझी मोठी पंचाईत व्हायची. सप्टेंबर-ऑक्टोबरात पानं पिवळी होऊन झडतात म्हणजे काय, ते डोळ्यांपुढं येतच नसे. परीक्षेत उत्तर लिहून मोकळा झालो, पण समजलं नव्हतं.

ते समजायला पंचावन्नावं वर्ष उजाडावं लागलं. माझी लेक नोकरीनिमित्त लंडनला असते. 2023 च्या ऑक्टोबरात तिनं मला तीन आठवड्यांसाठी बोलावून घेतलं. लेकीच्या घरी गेलेल्या बापाला जे जे दाखवतात ते तिनं दाखवलं. टॉवर झाला, थेम्सवरचा पूल झाला, राजवाड्याचं फाटक झालं. प्रत्येक ठिकाणी माझा फोटो काढून तिनं तो तिच्या अम्मीला पाठवला. पण एक दिवस मी स्वतःसाठी मागून घेतला. मला कुठलं ठिकाण पाहायचं नव्हतं, एक रस्ता चालायचा होता. उत्तर लंडनमधल्या किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरापासून निघून ब्रिटिश म्युझियमच्या दारापर्यंत. अंतर साधारण चार-साडेचार किलोमीटर. शंभर वर्षांपूर्वी एक मराठी विद्यार्थी गाडीभाडं वाचवायला राहत्या घरून त्या म्युझियमपर्यंत पायी जात असे.

विद्यार्थ्याचं नाव तुम्ही ओळखलंच असेल. त्या घराच्या भिंतीवर गोल पाटी आहे, तिच्यावर डॉ. भीमराव रामजी आंबेडकर हे नाव आणि 1921-22 ही सालं आहेत. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते घर विकत घेतलं आणि तिथं स्मारक झालं. घटनेच्या शिल्पकाराविषयी, महाडच्या तळ्याविषयी, दीक्षाभूमीविषयी आपण पुष्कळ ऐकतो आणि ऐकायलाच हवं. मला आज बोलायचं आहे ते लंडनच्या धुक्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एका तरुणाच्या रोजच्या दिवसाविषयी. तो काय खात होता, कुठं बसत होता, भाडं कसं भरत होता, याविषयी.

बाबासाहेब पहिल्यांदा इंग्लंडात उतरले ते 1916 साली, आणि ते मुंबईहून आले नव्हते, अमेरिकेहून आले होते. हा फरक लहान नाही. मुंबईहून थेट विलायतेला जाणारा आपला माणूस तिथली भुयारी रेल्वे आणि विजेचे दिवे पाहून हरखून जायचा. स्वतःचे बूट स्वतः पुसणारा गोरा साहेब पाहून तर त्याचा डोळ्यांवर विश्वास बसत नसे. भीमराव न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षं काढून आले होते. ते तिथं कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले होते, नवल भथेना या पारशी मित्राबरोबर त्यांनी खोली वाटून घेतली होती, आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी दोनेक हजार पुस्तकं गोळा केली होती. उंच इमारतींचं त्यांना नवल राहिलं नव्हतं. म्हणजे एका अर्थी एखाद्या अमेरिकन विद्यार्थ्यानं पाहावं तसं त्यांनी लंडन पाहिलं. मोठं, जुनं, काजळी धरलेलं आणि युद्धानं थकलेलं गाव.

पहिलं स्वागत पोलिसांनी केलं. हिंदी क्रांतिकारकांच्या भीतीनं सरकार तेव्हा सावध होतं. 1909 साली मदनलाल धिंग्रांनी लंडनमध्येच कर्झन वायलीला गोळ्या घातल्या होत्या. अमेरिकेतून येणारा हिंदी तरुण म्हटल्यावर भीमरावांचीही कसून झडती झाली. त्यांच्याजवळ सापडण्यासारखं काय होतं? कोलंबियाच्या प्रोफेसर सेलिग्मन यांनी सिडने वेब यांना दिलेलं एक ओळखपत्र.

त्या शरद ऋतूतलं लंडन कसं होतं ते थोडं सांगतो. फ्रान्समध्ये सोमची लढाई चालू होती आणि वर्तमानपत्रांत मेलेल्यांच्या याद्या छापून येत होत्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला एका रात्री जर्मनांचं एक भलं मोठं हवाई जहाज शहराच्या उत्तरेला पेटत खाली आलं आणि लोकांनी ते रस्त्यावर उभं राहून पाहिलं. हल्ल्यांच्या भीतीनं रस्त्यावरचे दिवे मंद केलेले असत. दिवसाचा उजेड वापरून कोळसा वाचवायचा म्हणून त्याच वर्षी मे महिन्यात इंग्रजांनी घड्याळं पहिल्यांदा तासभर पुढं केली होती. 1 ऑक्टोबरला ती मागं घेतली, त्यामुळं संध्याकाळ एकाएकी तासभर लवकर पडू लागली. आणखी एक गंमत सांगतो. काटकसरीसाठी ब्रिटिश म्युझियमची दालनं त्या वर्षी लोकांना बंद केली होती, पण तिथलं वाचनालय मात्र चालू होतं. पाहणाऱ्यांना दार बंद आणि वाचणाऱ्यांना उघडं. भीमरावांना हे चालण्यासारखं होतं.

ऑक्टोबरात त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं. फी होती दहा पौंड दहा शिलिंग. मॅकिंडर यांच्याकडं भूगोल, लोज डिकिन्सन यांच्याकडं राजकीय विचार, हॉबहाउस यांच्याकडं समाजशास्त्र. नोव्हेंबरात बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये प्रवेश घेतला. पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि पुढच्याच वर्षी परतावं लागलं. पुन्हा येऊन अभ्यास पुरा करायला विद्यापीठानं चार वर्षांची मुभा दिली, एवढाच दिलासा. सामान वेगळ्या बोटीनं पाठवलं होतं, ती बोट जर्मनांच्या पाणतीरानं बुडाली. भीमराव मार्सेल्सहून दुसऱ्या बोटीनं निघाले आणि ऑगस्ट 1917 मध्ये सुखरूप मुंबईला पोचले. बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून सहाशे रुपये मिळाले. त्यातले काही घरी देऊन उरलेल्या पैशांवर ते नोकरीसाठी बडोद्याला गेले.

आणि इथं मला लंडनची गोष्ट थोडी थांबवावी लागेल. कारण लंडनमध्ये भीमरावांना काय मिळालं होतं, हे बडोद्याला जाऊनच कळतं.

बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना. हिंदू खानावळीत सोय होणार नव्हती. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, दीड रुपया रोज भाड्यानं, पारशी नाव लावून ते राहिले. वरच्या मजल्यावर अडगळीनं भरलेला मोठा ओसाड दिवाणखाना होता आणि रात्री मिणमिणता कंदील. अकराव्या दिवशी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणाले. एक हिंदू मित्र म्हणाला, तू माझ्या घरी आलास तर नोकर निघून जातील. एक ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायकोला विचारून सांगतो. अमेरिका-इंग्लंडात शिकून आलेले संस्थानचे अधिकारी कामाठी बागेत जाऊन बसले आणि रात्री नऊच्या गाडीनं मुंबईला परतले. पुढं त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या पुस्तकात हे सगळं लिहिलं. त्यात त्यांनी म्हटलं आहे की परदेशातल्या त्या काही वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पार पुसली गेली होती.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. जाणीव पुसली कशानं? तिथं कुणी त्यांना मिठी मारली नव्हती. कुणी भाषण देऊन समतेचा उपदेश केला नव्हता. उलट लंडन ही त्याच साम्राज्याची राजधानी, जिथं उतरल्या उतरल्या पोलिसांनी खिसे उलटे केले होते. ती जाणीव पुसली अगदी क्षुल्लक गोष्टींनी. खोलीचं भाडं दिलं की किल्ली मिळत होती. वाचनालयाचा पास दाखवला की खुर्ची मिळत होती. चहा मागितला की चहा येत होता, आणि ज्या कपात शेजारच्याला दिला त्याच कपात येत होता.

आता जे सांगायचं आहे ते माझ्यासारख्याला सोपं नाही, पण टाळलं तर बेइमानी होईल. त्याच पुस्तकात दौलताबादच्या सहलीची हकिकत आहे. 1934 साल. बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी आणि दौलताबादचा किल्ला पाहायला निघाले होते. तुमच्या-माझ्यासारखे साधे पर्यटक. किल्ल्याच्या दाराशी पाण्यानं भरलेला हौद होता. प्रवासात अंगावर धूळ बसलेली, म्हणून काही जणांनी त्या पाण्यानं हातपाय धुतले. एवढ्यात पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, यांनी हौद बाटवला म्हणून. पाहता पाहता जमाव जमला, शिव्यागाळी सुरू झाली. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती अशा अटीवर की आत कुठंही पाण्याला हात लावायचा नाही, आणि लक्ष ठेवायला बरोबर हत्यारबंद शिपाई दिला. महिना रमजानचा होता.

माझ्या घरात रमजानमध्ये अम्मी दारावर आलेल्या कुणालाही पाणी विचारल्याशिवाय सोडत नसे. रोजेदाराला पाण्याची किंमत कळते, असं ती म्हणायची. तो म्हाताराही रोजेदारच असणार. बाबासाहेबांनी बडोद्यावरून पारशांविषयी आणि दौलताबादवरून मुसलमानांविषयी जो निष्कर्ष काढला, तो वाचताना मान खाली जाते. हिंदूच्या लेखी जो अस्पृश्य, तो यांच्याही लेखी अस्पृश्य. कवितेच्या कार्यक्रमांत समतेवरच्या ओळी मी खूप म्हटल्या आहेत. हे पान मात्र मोठ्यानं वाचायला मला कैक वर्षं लागली.

तर, पुन्हा लंडन.

1918 च्या नोव्हेंबरात बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातून पै-पै बाजूला टाकली. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेनांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. 1920 च्या जुलैत ते पुन्हा बोटीत बसले आणि 30 सप्टेंबरला लंडन स्कूलमध्ये परत रुजू झाले. पुन्हा शरद ऋतू. हाउटन स्ट्रीटवर संस्थेच्या नव्या इमारतीचं काम चाललेलं होतं, मे महिन्यातच राजा पंचम जॉर्जनं तिची कोनशिला बसवली होती. शहरातही काही ना काही धुमसत होतं. ऑक्टोबरात कोळसा खाणींच्या कामगारांचा संप झाला. त्याच महिन्यात आयर्लंडमधल्या कॉर्क शहराचे महापौर मॅक्स्विनी लंडनच्या तुरुंगात चौऱ्याहत्तर दिवसांच्या उपोषणानंतर वारले. 11 नोव्हेंबरला अनाम सैनिकाचं दफन झालं, आणि ती कबर पाहायला वेस्टमिन्स्टर ॲबीबाहेर लाखो माणसांच्या रांगा लागल्या.

याच नोव्हेंबरातली एक गोष्ट मला फार आवडते. अर्थशास्त्राचे प्राध्यापक फॉक्सवेल यांनी संस्थेच्या सचिवबाईंना या विद्यार्थ्याविषयी पत्र लिहिलं. आशय असा, की याचा डॉक्टरेटचा अभ्यास आधीच झालेला आहे, आपल्याकडं याला जिंकायला आणखी जग शिल्लक नाही. वाचून हसू येतं, कारण जग जिंकायला निघालेल्या या माणसाच्या संध्याकाळच्या जेवणाची तेव्हा भ्रांत होती.

ती कशी, हे धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. घरमालकीण हात आखडता असलेली बाई होती. सकाळी पावाचा एक भाजलेला तुकडा, जरासा मुरंबा किंवा माशाचा तुकडा, आणि चहा. तेवढ्यावर भीमराव निघत आणि म्युझियमचं वाचनालय उघडताना दाराशी असत. दुपारचं जेवण नाही. त्याला पैसे पडत आणि वेळही जाई. संध्याकाळी वाचनालय बंद झालं की टिपणवह्यांनी खिसे फुगवून बाहेर पडायचं. घरी आल्यावर बॉव्हरिल नावाच्या मांसरसाचा कपभर काढा आणि बिस्किटं. मग पुन्हा वाचन. रात्री दहाच्या सुमाराला भुकेनं पोटात कालवू लागे. मुंबईच्या एका ओळखीच्या माणसानं पापडांची चवड दिली होती. त्यातले चार पापड पत्र्याच्या तुकड्यावर भाजायचे, कपभर दूध घ्यायचं, आणि पुन्हा दिव्याशी बसायचं. खोलीतला सोबती मध्यरात्री जागा होऊन म्हणे, अरे, किती जागशील, झोप आता. त्याला उत्तर मिळे की जेवायला पैसा नाही आणि झोपायला वेळ नाही.

हे सगळं आपण भक्तिभावानं ऐकतो आणि ‘केवढे कष्ट’ म्हणून पुढं जातो. मला मात्र एक हिशेब पडला. प्राध्यापकाच्या पगारातली बचत होती, वर पाच हजारांचं कर्ज होतं. तेव्हाचे पाच हजार. मग एवढी उपासमार का व्हावी? आमचे अब्बा विडी कारखान्यात मुनीम होते. कुठलाही हिशेब जुळला नाही की ते म्हणायचे, रक्कम नको बघू, भाव बघ. मी भाव बघितला.

1920 च्या फेब्रुवारीत एका रुपयाला अडीच शिलिंगांहून जास्त मिळत होते. युद्धात चांदी महागली होती आणि रुपया चांदीचा होता, म्हणून हा भाव. सरकारनं उत्साहाच्या भरात जाहीर केलं की रुपयाचा भाव सोन्याच्या दोन शिलिंगांवर कायम ठेवू. तो टिकवण्यासाठी लंडनमधली हिंदुस्थानची गंगाजळी विकत बसलं. पण तोवर वारं फिरलं होतं. बाबासाहेब जुलैत बोटीत बसले तेव्हाच रुपया उतरणीला लागलेला होता. सप्टेंबरअखेर सरकारनं हात टेकले आणि ती विक्री बंद केली. म्हणजे ज्या आठवड्यात बाबासाहेब लंडन स्कूलच्या दारात परत उभे राहिले, त्याच आठवड्यात. 1921 मध्ये रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास येऊन पडला. वर्षभरापूर्वी ज्या शंभर रुपयांचे तेरा पौंड आले असते, त्यांचे आता साडेसहा येऊ लागले. मुंबईहून येणारा प्रत्येक रुपया वाटेत अर्धा होऊन पोचत होता. सप्टेंबर 1921 मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड उसने मागितले, त्यातही हुंडणावळीच्या या घसरणीचं कारण दिलं आहे.

आणि हा विद्यार्थी दिवसभर वाचनालयात बसून लिहीत काय होता? ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. रुपयाचा प्रश्न. ब्रिटिश राज्यात रुपयाचा भाव कुणाच्या हातात आहे, सरकार तो कसा वरखाली करतं, आणि त्याची झळ कुणाला बसते. केन्ससारखा मोठा अर्थशास्त्री ज्या चलनपद्धतीचा पुरस्कार करत होता, तिला त्यांनी विरोध केला. सरकारला हवे तेवढे रुपये पाडता येऊ नयेत, त्यावर बंधन पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. प्रबंध अर्थातच जुन्या कागदपत्रांवर, अहवालांवर, आकड्यांवर उभा आहे. त्यात पापडाचा उल्लेख नाही. पण रात्री दहाला पोटात जे कालवत होतं आणि दिवसा वहीत जे उतरत होतं, त्यांचं मूळ एकच होतं, एवढं म्हणायला मला कुठल्या प्रोफेसराची परवानगी लागू नये. 1923 च्या मार्चमध्ये परीक्षकांनी तो प्रबंध जसाच्या तसा स्वीकारायला नकार दिला. एप्रिलमध्ये बाबासाहेब मुंबईला परतले, दुरुस्त करून त्यांनी तो पुन्हा पाठवला आणि नोव्हेंबरात तो मंजूर झाला. डिसेंबरात लंडनच्या पी. एस. किंग कंपनीनं तो छापला. अर्पणपत्रिका आईवडिलांना आहे.

एक गोष्ट राहिली. बॅरिस्टर व्हायला तेव्हा परीक्षांबरोबर जेवणंही लागत. ग्रेज इनच्या सोळाव्या शतकातल्या दिवाणखान्यात, लांबलचक मेजांवर, दर सत्रात ठरावीक वेळा झगा घालून जेवायला बसायचं. ते चुकलं तर सत्र मोजलं जात नसे. जो माणूस दुपारचं जेवण टाळून पुस्तकं वाचत होता, त्याला या शहरात एक पंगत कायद्यानं सक्तीची होती. ज्याच्या सावलीचाही मायदेशात विटाळ मानला जात होता, त्याला शेजारी घेऊन जेवल्याशिवाय त्या मेजावरच्या कुणाला बॅरिस्टर होता येणार नव्हतं. 1922 मध्ये त्यांना सनद मिळाली.

आता माझ्या चालण्याचं सांगतो. सकाळी साडेनऊला मी त्या घरापासून निघालो. बाबासाहेबांसारखं पाच वाजेपर्यंत काही खायचं नाही, असं मनाशी ठरवलं होतं. रोज्याची सवय असलेल्या माणसाला त्यात काय विशेष, असं वाटलं. हवा बोचरी होती, आभाळ राखाडी. फूटपाथवर पिवळी-तपकिरी पानं पडलेली, पावसानं भिजून चिकटलेली, त्यांवरून पाय घसरत होता. बी.ए.च्या त्या कविता आठवल्या. त्यांत पाय घसरण्याचा उल्लेख होता का, ते काही आठवेना. चॉक फार्म, कॅम्डन टाउन, मग गॉवर स्ट्रीट. माझ्या गुडघ्यानं दोनदा बसायला लावलं, म्हणून सवा तास लागला. म्युझियमच्या अंगणात पोचलो तेव्हा शाळेच्या पोरांचा कलकलाट चालला होता.

ते गोल वाचनालय म्युझियमच्या मधोमध आहे. 1857 साली उघडलेलं, वर प्रचंड घुमट. कार्ल मार्क्सनं वर्षानुवर्षं इथं बसूनच वाचलं. 1997 मध्ये ते वाचनालय म्हणून बंद झालं आणि पुस्तकं सेंट पँक्रसच्या नव्या इमारतीत गेली. म्हणजे शंभर वर्षांत उलटापालट झाली. 1916 साली पाहणाऱ्यांना मज्जाव होता आणि वाचणाऱ्यांना खुर्ची होती. आज जगभरचे लोक पाहायला येतात आणि तिथं बसून वाचणारं कुणी नाही. मी त्या गोल भिंतीला बाहेरून एक पूर्ण फेरी मारली. एक वाजता पोटानं बंड केलं. लेकीनं पिशवीत बळंच घातलेलं सँडविच मी अंगणातल्या बाकावर बसून खाल्लं. रोज्यात नियत असते, इथं नुसती हौस होती, असं स्वतःला समजावलं.

परत जाताना एक जुनी आठवण आली. लंडनला यायच्या आधी माझी लेक आपल्याच राज्यातल्या एका मोठ्या शहरात नोकरी करत होती. तिथं तिनं घर शोधलं तेव्हा मीही बरोबर होतो. फोनवर सगळं ठरायचं, भाडं, अनामत, तारीख. मग समोरचा नाव विचारायचा. लेक नाव सांगायची. मग तो म्हणायचा, अहो, घर कालच गेलं. सात-आठ घरं अशी ‘कालच’ गेली. शेवटी एका बौद्ध कुटुंबानं आपल्या वरच्या दोन खोल्या दिल्या. त्या घराच्या दिवाणखान्यात बाबासाहेबांची तसबीर होती. कोट-टाय घातलेले, बॅरिस्टर बाबासाहेब. घरमालक काकांनी एवढंच विचारलं, पाणी सकाळी सहाला येतं, उठाल ना? लंडनला घर घेताना काय विचारलं म्हणून मी लेकीला विचारलं होतं. ती म्हणाली, पगाराचे तीन महिन्यांचे कागद.

अब्बा एक आठवण सांगायचे. तेव्हा आमचं गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा झाला तो 1 मे 1999 ला. 1954 साली भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे राहिले होते. अब्बा बारा-तेरा वर्षांचे. प्रचाराच्या जीपमागं पोरं धावली, त्यांत तेही होते. बाबासाहेब हरले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. पुढं कधी तो विषय निघाला की अब्बा म्हणायचे, लंडनच्या प्रोफेसरांना जे कळलं ते आपल्याकडच्या मतदारांना कळलं नाही. अम्मी त्यांना टोकायची, मत द्यायचं तुमचं वय तरी होतं का तेव्हा?

संध्याकाळी लेकीच्या घरी पोचलो. पाय दुखत होते. लेक म्हणाली, अब्बा, जेवण तयार आहे. मी म्हटलं, आधी पापड आहेत का घरात? गोंदियाहून मीच आणलेले उडदाचे होते. म्हटलं, चारच भाज आणि कपभर दूध दे. तिला कारण सांगितलं नाही. तिनं गॅस लावला, चिमट्यात पापड धरला. दोन छान भाजले. तिसरा जरा करपला आणि छताला बसवलेली धुराची घंटा किंचाळू लागली. लेक टॉवेल घेऊन तिच्याखाली वारा घालू लागली, मी खिडकी उघडायला धावलो. बाहेरून थंड हवा आली, आणि तिच्याबरोबर एक ओलं पिवळं पान आत आलं. घंटा थांबल्यावर लेकीनं चौथा पापड पुन्हा डब्यात ठेवला आणि म्हणाली, हा उद्या, दिवसाढवळ्या, बाल्कनीत.